ज्याचा त्याचा बर्फ

डिसेंबरातल्या एका सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या हर्षल ढोबळेने आपला फोन उचलून बायकोच्या फोनशेजारी ठेवला आणि म्हणाला, "बघ. उद्या तुझ्यावर नऊ इंच बर्फ पडणार आणि माझ्यावर चार फूट. एकाच छपराखाली."

तृप्तीने पोह्यांवरून मान वर केली नाही. "खा आधी. गार होतायत."

"म्हणजे यंत्राने मला गाढव ठरवलंय, असंच ना?"

"गाढव नाही. धाडसी."

"आडमुठा म्हण की सरळ."

तृप्तीने तसं म्हटलं नाही. पण गेल्या हिवाळ्यात चाकांना साखळ्या न लावता गाडी काढून ओढ्यात घालणारा माणूस तिच्या समोरच पोहे खात होता, तेव्हा यंत्राचं फारसं चुकलं असंही तिला वाटत नव्हतं.

"खरा आकडा सांग ना," तो म्हणाला.

"शपथ आहे."

"नवऱ्यालाही?"

"नवऱ्याला आधी."

या जोडप्याची ही रोजची कुरबुर समजायची, तर आधी 'सावध' म्हणजे काय ते सांगायला हवं.

तृप्ती मूळची जुन्नरची. आडनाव ढोबळे आणि काम अंदाज वर्तवण्याचं, त्यामुळे 'ढोबळ अंदाज' हा विनोद तिने लग्नापासून इतक्यांदा ऐकला होता की आता तो तिला ऐकूच येत नसे. सहा वर्षांपूर्वी ती हिमालयातल्या तारंग खोऱ्यात हिमअंदाज केंद्रावर रुजू झाली. हर्षल पशुवैद्य. याकांनाही डॉक्टर लागतोच, म्हणून तोही मागोमाग आला.

तारंगमध्ये हिवाळ्यातला बर्फ येतो तो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेत भोवरे उठतात, वाटेत ओल गोळा करत पूर्वेला सरकतात आणि हिमालयाच्या भिंतीवर आपटून रिकामे होतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भोवरा कधी येईल आणि किती ओतेल, हे सांगणं एके काळी बरंचसं नशिबावर असे. आता संगणक एकच वादळ चारशे वेळा चालवून बघतो, दर वेळी सुरुवातीचं तापमान आणि वारा केसभर बदलून. चारशेपैकी तीनशे ऐंशी वादळं एकाच जागी येऊन थांबली, की तो आकडा खरा धरायला हरकत नसते. फूट-इंचांत, गावागणिक, चार-चार दिवस आधी. क्वचित वादळ ऐन वेळी कूस बदलतं, एवढंच.

तरी माणसं मरतच होती. आकडा बरोबर असून भागत नाही, तो ऐकणारा त्याचं काय करतो हा खरा प्रश्न. तीन फूट म्हटलं की भित्रा माणूस दोन महिन्यांचं पीठ भरून ठेवतो आणि शेजाऱ्याला उरत नाही. धीट माणूस म्हणतो, हे लोक नेहमीच वाढवून सांगतात, आणि गाडी काढतो. मग पुण्यातल्या एका कंपनीने 'सावध' बनवलं. सावध हवेचा अभ्यास करत नव्हतं, माणसांचा करत होतं. कोण किती आकडा ऐकल्यावर घरी बसतो हे त्याने शिकून घेतलं आणि ज्याला त्याला त्याच्या स्वभावाच्या मापाचा अंदाज पाठवायला सुरुवात केली. भित्र्याला कमी, धीटाला जास्त. खऱ्या आकड्याला केंद्रात 'मूळ आकडा' म्हणत. तो फक्त चार अधिकाऱ्यांना दिसे, आणि तो बाहेर कुणाला सांगणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलेलं होतं. एकाला खरं कळलं की तो चौघांना सांगणार आणि सगळ्या खोऱ्याचं गणित बिघडणार, असं कंपनीचं म्हणणं.

आणि हे सगळं चक्क चाललं. तीन हिवाळ्यांत तारंग घाटात एकही माणूस दगावला नाही. घाटाच्या फाटकावरचा पहारेकरी काढून टाकला. फाटकाचं काम आता प्रत्येकाच्या खिशातला फोन करत होता. तृप्तीला नेमका या यशाचाच राग येई. खोटं बोलून माणसं वाचत असतील, तर तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? पंधरा वर्षं तिने खरा आकडा काढण्यात घालवली होती. आता तो आकडा पोटात ठेवायचा, आणि बाजारात गेलं की शिव्या खायच्या.

कारण लोकही काही दूधखुळे नव्हते. देवळाखालच्या चहाच्या टपरीत बुखारीच्या लोखंडी शेगडीभोवती बसून ते आपापले फोन मांडत आणि सगळ्या आकड्यांची सरासरी काढत. यांगझोम आबी म्हणून एक ऐंशीची म्हातारी होती, आबी म्हणजे तिकडची आजी. तिच्या फोनवर कायम सगळ्यात मोठा आकडा येई आणि ती तो मोठ्या ऐटीत फिरवून दाखवी. "सहा फूट! मला घरात बसवायला यंत्राला सहा फूट लागतात. तुमचं काय, दीड?" तृप्ती दिसली की सगळी टपरी विचारी, "मॅडम, खरं किती?" आणि मॅडम दूध घेऊन गप्प घरी येत.

घरी तरी काय होतं! हर्षल तिच्या तोंडाकडे बघून हवामान ओळखायला शिकला होता. तिने कोणते बूट काढले, दळण किती आणलं, यावर त्याची नजर. आणि फोनवरचा आकडा तो सरळ निम्मा करी. तिच्याशी बोलतानाही तो हल्ली असंच करतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. ती म्हणाली 'खूप दमले', की तो समजे, थोडी दमली असेल. तीन वर्षं ज्या बाईने एक आकडा कधी खरा सांगितला नाही, तिच्या बाकीच्या बोलण्यातही माणूस वजावट करणारच. त्याला दोष देता येत नव्हता, आणि म्हणून तिची आणखीच चिडचिड होई.

त्या वर्षीच्या हिवाळी भाकितात तृप्तीने तीन वादळं लिहिली होती, एकामागोमाग एक. पहिलं आलं आणि बेताचं पडून गेलं. नेहमीप्रमाणे गावभर ओरड झाली, "पाच सांगितले, दोन पडले." दुसरं मंगळवारी यायचं होतं, दीड फुटाचं. तिसरं त्यानंतर दोन दिवसांनी.

मंगळवारी सकाळी ती केंद्रावर पोचली आणि साडेनऊच्या सुमाराला हर्षलचा निरोप आला. "पोमांगला याक अडलीय. वासरू आडवं आहे म्हणतात. येतो." पोमांग घाटाच्या पलीकडे, पाच तासांवर. तिने "बरं" लिहिलं आणि कामाला लागली. दीड फुटात तो जाऊन येऊ शकत होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी संगणकाची नवी फेरी आली आणि तृप्ती खुर्चीतून उठली. तिसऱ्या वादळाने रात्रीत वेग घेऊन दुसऱ्याला गाठलं होतं. दोन्ही मिळून एक झालेली. तारंग घाटावर साडेपाच फूट, दुपारी दोनला सुरुवात. चारशेपैकी तीनशे एक्क्याण्णव.

तिला पहिल्यांदा आठवला तो हर्षल, आणि मग, आयुष्यात प्रथमच, तिला सावधचा आधार वाटला. साडेपाचचे त्याच्या फोनवर नऊ-दहा झाले असतील. त्याने निम्मे केले तरी पाच उरतात. पाच फुटांत तो आडमुठासुद्धा घाटाच्या पायथ्याहून मागे फिरेल. खात्री करावी म्हणून तिने अधिकाऱ्यांचा पडदा उघडून त्याचं नाव टाकलं.

'हर्षल ढोबळे. पाठवलेला अंदाज : चार इंच. कारण : व्यक्ती घराकडे परत येत आहे. घाबरल्यास गाडी वेगाने चालवेल. आधार : सकाळी ९.३४ चा संदेश, "येतो".'

तिने ते तीनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वी कोर्टाने लोकांच्या फोनचं ठिकाण पाहायला बंदी घातली होती. तेव्हापासून कोण कुठे निघालाय हे सावध लोकांच्या निरोपांवरून ताडत असे; तशी संमती सगळ्यांनीच, न वाचता, दिलेली होती. आणि ढोबळ्यांच्या घरातला माणूस निघताना म्हणाला होता, येतो.

आता मराठी माणसाला हे सांगायला नको. आपल्यात घरातून निघणारा कधी जात नाही. तो येतोच. शाळेत निघालेलं पोर येतं, सासरी निघालेली मुलगी येते, लढाईवर निघालेला शिपाईसुद्धा येतो. जातो तो एकदाच, आणि तेव्हा तो सांगत नाही. हे जगातल्या कुठल्या यंत्राला कळलं नसतं तर तृप्तीने समजून घेतलं असतं. पण सावध पुण्यात जन्मलेलं होतं!

ती केंद्रप्रमुख नेगी साहेबांच्या खोलीत गेली. नेगी तिथलेच, पहाडी, मऊ बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "एका माणसाचा अंदाज हाताने बदलायचा तर पुण्याची मंजुरी लागते, तृप्तीजी. मला तेवढाही अधिकार नाही." त्यांनीच पुण्याला फोन जोडून दिला.

पलीकडे निहार सबनीस नावाचा तरुण होता. आवाजावरून तिशीच्या आतला, आणि अगदी शांत. शांत माणसाशी बोलताना आपला आवाज चढला की आपणच वेड्यासारखे दिसतो, हे माहीत असून तृप्तीचा चढला.

"मॅडम, सिस्टीमचा कॉन्फिडन्स सत्त्याण्णव टक्के आहे. ते घरीच येतायत."

"तो घाटाकडे चाललाय! मला सांगून गेलाय."

"पण त्यांनी लिहिलंय 'येतो'."

"सबनीस, तू आज घरातून निघालास, तेव्हा आईला काय म्हणालास?"

"मी इथे फ्लॅटवर एकटाच..."

"दिवाळीला घरी गेला होतास ना? परत निघताना काय म्हणालास?"

"अरे देवा," निहार म्हणाला. मग घाईघाईने म्हणाला, "मॅडम, हे टेस्टिंगमध्ये यायला हवं होतं. पण आम्ही ऑफिसात सगळे इंग्लिशमध्येच बोलतो. कोणी 'येतो' म्हणतच नाही."

"आता दुरुस्त कर."

"रिक्वेस्ट टाकतो. तिघांची सही लागते. चार तास तरी. खोऱ्यात आणखी चौदा मराठी माणसं दिसतायत, नाशिकचा एक ग्रुप आहे. त्यांनाही चार इंचच गेलेत."

ते चौदा जण हॉटेलातच होते. गाडीचा ड्रायव्हर तारंगचा, त्याच्या फोनवर साडेसात फूट आलेले, त्यामुळे त्याने किल्लीच खिशात घातली होती आणि नाशिककर त्याच्याशी कडाकडा भांडत होते. नेगींनी पाच मिनिटांत तेवढी चौकशी केली. घाटाच्या रस्त्यावर होता तो एकटा हर्षल. आणि घड्याळात बारा वाजत आले होते.

त्याचा फोन लागेना. घाटाच्या पायथ्याशी देचन नावाच्या बाईची चहाची टपरी आहे, तिथे मोबाइल लागत नाही, पण तिच्याकडे तारेचा फोन आहे. तृप्तीने केंद्राच्या फोनवरून देचनला लावला.

"डॉक्टर? आहे ना. चहा झाला, गाडीत बसतोय."

"थांबव त्याला! फोन दे."

हर्षल फोनवर आला तो खुशीत. "काय गं? मघाशी माझ्या फोनवर काय आलं माहितीये? चार इंच! तीन वर्षांत पहिल्यांदा यंत्राने मला शहाण्यांत काढलंय. आणि चार इंच म्हणजे मोजायचे दोनच."

"हर्षल, मागे फिर. मोठं वादळ येतंय. यंत्र चुकलंय."

"यंत्र चुकलं? मला चार फूट सांगत होतं तेव्हा बरं चुकत नव्हतं."

तृप्तीने नेगींकडे बघितलं. नेगी उठले, खोलीचं दार आतून लावलं आणि पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले.

"मूळ आकडा सांगते," ती म्हणाली. "साडेपाच फूट. दोन वाजता सुरू होईल. तू तेव्हा माथ्यावर असशील."

तीन वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एकदाची बोलली गेली. आणि पलीकडे हर्षल हसला.

"शपथ होती ना तुझी?"

"मोडली."

"नाही मोडलीस. तू मोडणाऱ्यातली नाहीस. तुला मी जायला नकोय, म्हणून हा आकडा काढलायस. मला घरी बसवायला किती लागतात ते तुलाही माहितीये." त्याचा आवाज जरा मऊ झाला. "अगं, इथे आभाळ निळं आहे. तिकडे याक सकाळपासून विव्हळतीय. त्या बाईच्या घरी ती एकच आहे. मी नाही गेलो तर दोघंही जातील, आई आणि वासरू. साडेपाच म्हणजे अडीच तर अडीच, गाडीला साखळ्या आहेत या वेळी."

तिने शपथ घातली, तो 'हो हो' म्हणाला. चारशेपैकी तीनशे एक्क्याण्णव म्हणून सांगितलं, तो म्हणाला, "उरलेले नऊ माझे." ती रडवेली झाली, तर तो म्हणाला, "उगाच नाटक नको करूस." खरं सांगायची मुभा नव्हती तेव्हा तो खरं मागत होता. आता ते त्याच्या हातात ठेवलं, तर तो त्यातून तीन फूट कापून घेत होता! तिला त्याचा राग आला, निहार सबनीसचा आला, टपरीवर सरासरी काढणाऱ्या झाडून सगळ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या स्वतःच्या तीन वर्षांच्या आज्ञाधारकपणाचा आला.

"बरं, ठेवू का?" हर्षल म्हणाला. "उशीर होतोय. येतो."

"जा," तृप्ती म्हणाली.

फोनमध्ये नुसती खरखर.

"काय म्हणालीस?"

"जा म्हटलं. जा तू."

एकोणीस वर्षांच्या संसारात ती हा शब्द अशा वेळी कधी बोलली नव्हती. तिची आई बोलली नव्हती, त्याची आई बोलली नव्हती. भांडून, दार आपटून तो निघाला तरी ती तोंड फिरवून 'ये' म्हणतच आली होती. दाराशी उभ्या माणसाला 'जा' म्हणायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. आणि आता तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नव्हता. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात लाइन तुटली. पुन्हा लावला, लागेना.

एक पन्नासला खिडकीबाहेरचा डोंगर दिसेनासा झाला. अंदाजाच्या दहा मिनिटं आधी. एवढ्या बिनचूक कामाचा तिला आयुष्यात कधी इतका तिटकारा आला नव्हता. नेगींनी चहा मागवला आणि तो तसाच राहिला. फोन मेले होते, रस्ता मेला होता, आणि पडद्यावर सावध सांगत होतं की हर्षल ढोबळे सुखरूप घराकडे येत आहे.

पावणेचारला तो आला. केंद्राच्याच दारात, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. गाडी त्याने खालच्या वळणावर सोडून दिली होती.

तृप्ती जागची हलली नाही. तो समोर येऊन उभा राहिला.

"साडेपाच फुटांना मी फिरलो नसतो," तो म्हणाला. त्याचे ओठ थंडीने धड हलत नव्हते. "गाडी सुरू केली होती. पण गिअर टाकवेना. म्हटलं, ही असं कसं म्हणाली?"

मग मात्र ती रडली, नेगींच्या समोर, अगदी मोठ्याने.

घाट अकरा दिवस बंद होता. माथ्यावर पाच फूट चार इंच भरले. टपरीवरून निघण्याआधी हर्षलने देचनच्या फोनवरून पोमांगच्या त्या बाईला, वासराचे पाय कसे धरायचे आणि कसं फिरवायचं, ते सांगायला घेतलं होतं. निम्म्यात फोन गेला. बाराव्या दिवशी कळलं की वासरू जगलं आणि याक गेली. हर्षल त्या दिवशी जेवला नाही. त्या बाईने त्याला तोंडावर सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही 'निघालो' म्हणाला होतात." तो तृप्तीशीही दोन-चार दिवस तुटक वागला, आणि ती तेही ऐकून घेत राहिली. माणूस घरात रुसून बसलेला असणं ही तिला आता चैन वाटत होती.

पुण्याहून जानेवारीत पाकीट आलं. आत दोन कागद होते. पहिला खोऱ्यातल्या समस्त मराठी भाषकांना विनंतीपत्र, की सुरक्षिततेच्या दृष्टीने घरातून निघताना यापुढे कृपया 'जातो' असा स्पष्ट शब्द वापरावा. हर्षलने तो वाचला, चोळामोळा केला आणि बुखारीत टाकला.

दुसरा कागद तृप्तीच्या नावाने होता. केंद्राच्या फोनवरची सगळी बोलणी सावध ऐकत असे. शपथ मोडल्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं; नवराबायकोच्या भांडणातले आकडे हिशेबात घ्यायचे नाहीत असा यंत्राचा नियम होता. आरोप वेगळाच होता. दिनांक अमुक रोजी, तीव्र हिमवादळ तोंडावर असताना, एका नागरिकाला घाटाकडे 'जा' असे दोनदा सांगून त्याच्या जिवाला धोका निर्माण केल्याबद्दल खुलासा करावा. खाली एक छापील प्रश्न होता, 'आपण असे का म्हणालात?' आणि उत्तराला एका ओळीची जागा.

तृप्तीने आधी कपाळावर हात मारून घेतला. मग ती पेन घेऊन बसली. तिला पानभर लिहायचं होतं. निहारच्या ऑफिसाबद्दल, काढून टाकलेल्या पहारेकऱ्याबद्दल, तीन वर्षं गिळलेल्या आकड्यांबद्दल. पण जागा एकच ओळ, आणि प्रश्न तसा सरळ होता. का म्हणाली होती ती? रागाने म्हणाली होती, हे खरं. पण राग तर तिला रोजच येत होता.

तिने लिहिलं, 'तो यावा म्हणून.'